दाव्यास कारण केव्हा घडले?

आपल्याकडील कोणताही दिवाणी दावाअर्ज उघडून पाहिला, तर त्यात एक ठराविक वाक्य हटकून आढळते : ‘दाव्यास कारण अमुक गावी, अमुक तारखेस घडले.’ वकिलाचा कारकून ते सवयीने लिहून जातो आणि पक्षकार ते न वाचताच खाली सही करतो. तथापि, पुष्कळदा साऱ्या दाव्याचे भवितव्य त्या एका तारखेवर अवलंबून असते. मुदतीचा कायदा त्या तारखेपासून दिवस मोजू लागतो आणि मोजणी पुरी झाली म्हणजे न्यायालयाचे दार बंद करतो. मग वादीची बाजू कितीही खरी असो, तिच्याकडे पाहण्याचे न्यायाधीशास कारण उरत नाही.

कारण घडले ती तारीख ठरविणे एखाद्या कर्जरोख्याच्या बाबतीत सोपे असते. परंतु फसवणूक एका दिवसाची नसेल, ती अनेक माणसांनी मिळून, वर्षानुवर्षे, अनेकांच्या विरुद्ध चालविली असेल, आणि जो फसला त्याला आपण फसलो हेही पुष्कळ काळ कळले नसेल, तर ‘कारण’ घडले केव्हा? अमेरिकेतील एका विख्यात कायद्याच्या संबंधात हा प्रश्न तीस वर्षे न्यायालयांना छळीत राहिला. त्या कायद्याचे नाव ‘रिको’. त्याच्या मुदतीचा इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील संघटित गुन्हेगारीकडे तेथील लोकांचे लक्ष नव्याने वेधले गेले. १९५०-५१ मध्ये सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने गावोगाव साक्षी घेतल्या आणि त्यांतील काही लोकांनी दूरचित्रवाणीवर प्रत्यक्ष पाहिल्या. १९५७ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क राज्यातील अपालाचिन या आडगावी देशभरातील टोळीनायकांची बैठक पोलिसांनी उधळली. १९६३ मध्ये जोसेफ वालाची या टोळीतल्याच माणसाने सिनेटर मॅक्लेलन यांच्या समितीपुढे टोळीची अंतर्गत रचना उघड केली. या सर्वांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. सरकार एकेका गुन्हेगारास तुरुंगात धाडीत होते, परंतु टोळी जशीच्या तशी उभी राहत होती. तिचा पैसा हॉटेले, माल वाहतूक, कामगार संघटना आणि सचोटीचे दिसणारे धंदे यांत मुरत होता. फांद्या छाटून झाड मरत नव्हते.

म्हणून मॅक्लेलन यांच्या पुढाकाराने आणि जी. रॉबर्ट ब्लेकी या कायदेपंडिताच्या लेखणीतून एक नवा कायदा तयार झाला. १५ ऑक्टोबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली. संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याचा हा नववा भाग होय. याने एकेका कृत्याऐवजी कृत्यांच्या मालिकेस हात घातला. खून, जाळपोळ, लाच, खंडणी यांबरोबर टपालाने किंवा तारेने केलेली फसवणूकही त्याच्या यादीत आली. दहा वर्षांच्या आत अशी किमान दोन कृत्ये परस्परसंबद्ध रीतीने घडली आणि त्यांच्या आधारे एखादी संस्था चालविली वा बळकावली गेली, की हा कायदा लागू होई. आपल्याकडे महाराष्ट्रात १९९९ मध्ये झालेला आणि वृत्तपत्रांतून ‘मोक्का’ या नावाने सर्वांस परिचित असलेला कायदाही मागील दहा वर्षांत दाखल झालेल्या एकाहून अधिक दोषारोपपत्रांचा विचार करतो. दोन्हींतील नाते येथे सहज ध्यानी येते.

पण एका बाबतीत अमेरिकन कायदा निराळ्या वाटेने गेला. विधेयक प्रतिनिधिगृहात असताना त्यात एक कलम वाढविण्यात आले. या गुन्हेगारीने ज्याच्या धंद्याचे किंवा मालमत्तेचे नुकसान झाले असेल, त्या कोणाही नागरिकाने स्वतः दिवाणी दावा लावावा आणि नुकसानीच्या तिप्पट रक्कम, शिवाय वकिलाचा वाजवी खर्च, प्रतिवादीकडून वसूल करून घ्यावा, असे ते कलम होते. ही कल्पना मक्तेदारीविरोधी कायद्यांतून उचललेली होती. सरकारचे हात जेथे पोचत नाहीत तेथे नुकसान सोसणाऱ्यानेच सरकारी वकिलाचे काम करावे आणि त्या श्रमाचे मोल म्हणून तिप्पट भरपाई घ्यावी, असा तिच्यामागील विचार होता.

मात्र हे कलम लिहिताना एक गोष्ट राहून गेली. दावा किती वर्षांत लावावयाचा, आणि ती वर्षे कोणत्या दिवसापासून मोजावयाची, याविषयी कायद्यात एक अक्षरही नव्हते.

प्रथम हे कोणाच्या फारसे ध्यानात आले नाही, कारण या कलमाखाली दावेच थोडे होते. अमेरिकन वकील संघटनेच्या एका समितीने १९८५ पूर्वीचे २७० निकाल तपासले, तेव्हा त्यांपैकी अवघे ९ निकाल १९७० ते १९७९ या दशकातले निघाले. एकट्या १९८४ सालचे मात्र शेकडा ४३ होते. वकिलांना या कलमातील सामर्थ्याचा शोध लागला होता. १९८५ मध्ये सेडिमा या बेल्जियन कंपनीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, असा दावा लावण्यासाठी प्रतिवादीस आधी फौजदारी न्यायालयात शिक्षा झालेली असण्याची गरज नाही. हा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी झाला. त्यानंतर गुंडटोळ्यांसाठी बनविलेल्या या कायद्याखाली बँका, विमा कंपन्या आणि दलाल यांच्यावर दाव्यांची रीघ लागली आणि मुदतीचा प्रश्न टाळणे अशक्य झाले.

तोवर न्यायालये ज्या त्या राज्याच्या कायद्यातील मुदत उसनी घेत असत. यातून केवढा घोटाळा होई, हे मॅली-डफ या पिट्सबर्ग येथील विमा एजन्सीच्या दाव्याने दाखवून दिले. ठरलेला धंदा मिळविला नाही या कारणावरून १९७८ मध्ये या एजन्सीचा करार रद्द झाला. हा आपला फायद्याचा प्रदेश बळकावण्याचा कट होता, असे तिचे म्हणणे. दावा लागला १९८१ मध्ये. जिल्हा न्यायालयाने पेनसिल्व्हेनियातील फसवणुकीच्या दाव्यांची दोन वर्षांची मुदत लावली व दावा मुदतबाह्य ठरविला. अपील न्यायालयाने त्याच राज्याची सहा वर्षांची सर्वसाधारण मुदत लावली व दावा जिवंत केला. कायदा एक, राज्य एक, दावाही एकच. पण मुदती दोन!

१९८७ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुंता सोडविला. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिले की, ज्या कृत्यांची मालिका अनेक राज्यांत पसरते, त्यांना राज्याराज्यागणिक निराळी मुदत लावणे योग्य नव्हे. वादीने जेथे मुदत लांब असेल तेथे धाव घ्यावी, असा प्रकार त्यातून होईल. ज्या मक्तेदारीविरोधी कायद्यावरून हे कलम बेतले, त्या १९१४ च्या क्लेटन कायद्याचीच मुदत येथे लावावी. गंमत अशी की, क्लेटन कायद्यातही प्रारंभी मुदत नव्हती. तेथेही राज्यांच्या मुदतींचा गोंधळ माजला होता आणि तो निस्तरण्यासाठी अमेरिकन काँग्रेसने १९५५ मध्ये चार वर्षांची मुदत घालून दिली होती. तीच चार वर्षे आता रिकोला मिळाली.

किती वर्षे, हे ठरले. कधीपासून, हे मात्र न्यायालयाने त्या दिवशी मोकळेच ठेवले, आणि खरा वाद तेथून पेटला.

वाद काय होता, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका व्यापाऱ्यास १९८० मध्ये खोट्या कागदपत्रांनी फसविले व त्याचे नुकसान झाले. आपले पैसे बुडाले हे त्यास १९८२ मध्ये कळले. ही एकट्या माणसाची लबाडी नसून एका टोळीने अनेकांशी केलेल्या फसवणुकींच्या मालिकेतील ती एक कडी आहे, हे १९८६ मध्ये उघड झाले. आणि त्या टोळीने आपले शेवटचे दुष्कृत्य, तेही तिसऱ्याच कोणाविरुद्ध, १९९० मध्ये केले. आता चार वर्षे मोजा. नुकसान झाले त्या दिवसापासून मोजली, तर मुदत १९८४ मध्ये संपते. नुकसान कळले तेव्हापासून मोजली, तर १९८६ मध्ये. मालिकेचा पत्ता लागला तेव्हापासून मोजली, तर १९९० मध्ये. शेवटच्या दुष्कृत्यापासून मोजली, तर १९९४ मध्ये. नुकसान तेच आणि चार वर्षेही तीच; पण घड्याळ कोणी केव्हा सुरू केले यावरून पहिल्या आणि शेवटच्या तारखेत दहा वर्षांचे अंतर पडते.

अमेरिकेत अपील न्यायालयांची निरनिराळी मंडळे आहेत, आणि त्यांच्यात खरोखरच असे मतभेद झाले. काहींनी नुकसान कळल्याची तारीख धरली. काहींनी, नुकसानीबरोबर मालिकाही कळली पाहिजे, असे म्हटले. कारण मालिका नसेल तर रिकोचा दावाच उभा राहत नाही, मग जो दावा लावता येतो हेच ठाऊक नाही त्याची मुदत सुरू कशी व्हावी? तिसऱ्या मंडळाने १९८८ मध्ये सर्वांत उदार मत दिले. टोळीची कृत्ये चालू आहेत तोवर घड्याळ सुरूच होत नाही. शेवटच्या कृत्यापासून ते सुरू होते, मग त्या कृत्याने वादीचे काही बिघडलेले असो वा नसो.

हे उदार मत १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे कसोटीस लागले. मिनेसोटा राज्यातील एका दुग्धव्यवसायी शेतकरी जोडप्याने १९७४ मध्ये ए. ओ. स्मिथ कंपनीची ‘हार्वेस्टोर’ नावाची चाऱ्याची उंच कोठी विकत घेतली. साध्या कोठीपेक्षा ती पुष्कळ महाग होती. परंतु तिच्या बांधणीमुळे चाऱ्यास हवेतील प्राणवायू फारसा लागत नाही, म्हणून चारा बुरसत नाही, गाई धष्टपुष्ट राहतात आणि दूध वाढते, अशी जाहिरात होती. जोडप्याच्या म्हणण्याप्रमाणे अनुभव नेमका उलट आला. चारा बुरसला, गाईंचे आरोग्य ढासळले, दूध घटले. दावा लागला तो १९९३ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे खरेदीनंतर एकोणीस वर्षांनी. १९८९ नंतरही कंपनी इतर शेतकऱ्यांना कोठ्या विकत होती आणि नव्या जाहिराती छापीत होती. सबब मालिका संपलेली नाही व मुदतही उलटलेली नाही, असा जोडप्याचा युक्तिवाद होता.

न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी तो मानला नाही. या नियमाने वादीस हवा तितका काळ स्वस्थ बसता येईल, कारण अशा मालिका दीर्घकाळ चालू राहू शकतात. मग मुदतीच्या कायद्यात अर्थ तो काय राहिला? प्रत्येक नव्या कृत्याने नवे नुकसान झाले, तर त्या नव्या नुकसानीपुरती नवी मुदत मिळेल. परंतु त्या आधारावर जुने नुकसान मागल्या दाराने आत आणता येणार नाही. शेजाऱ्याला विकलेल्या कोठीने या जोडप्याच्या गाईंचे अधिक काय बिघडले, याचे उत्तर कागदांत नव्हते. राहिला प्रश्न फसवणूक लपविण्याचा. प्रतिवादीने सत्य दडवून ठेवले असेल तर मुदत थांबते, हे न्यायालयास मान्य होते. पण ज्यास ही सवलत हवी, त्याने स्वतः वाजवी चौकशी केलेली असली पाहिजे, अशी अट त्याने घातली. अशा रीतीने चौथे घड्याळ निकालात निघाले.

तिसऱ्या घड्याळाचा निकाल २३ फेब्रुवारी २००० रोजी लागला. त्यामागील हकीकत अधिक दुःखद आहे. टेक्सासमधील एक तरुण १९८५ मध्ये एका खाजगी मानसोपचार रुग्णालयात दाखल झाला व १९८६ मध्ये तेथून बाहेर पडला. आठ वर्षांनी, १९९४ मध्ये, त्या रुग्णालयाची मालक कंपनी आणि तिचा एक संचालक यांनी फौजदारी न्यायालयात फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. कंपनीचे डॉक्टरांशी बेकायदा आर्थिक साटेलोटे असल्याचे त्यातून बाहेर आले. तेव्हा, आपल्याला रुग्णालयात ठेवून घेतले ते प्रकृतीच्या कारणाने नव्हे तर नफ्यासाठी, असे या माणसाचे म्हणणे पडले, आणि १९९७ मध्ये त्याने रिकोखाली दावा लावला. मालिका १९९४ मध्ये कळली, तेव्हापासून तीनच वर्षे झाली, हा त्याचा हिशेब.

न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी एकमताच्या निकालपत्रात हा हिशेब फेटाळला. त्याचे नुकसान १९८६ मध्ये त्याला ठाऊक होते, म्हणून मुदत १९९० मध्येच संपली. मालिकेतील दोन कृत्यांत दहा वर्षांपर्यंत अंतर असू शकते. मालिका कळेपर्यंत थांबावयाचे म्हटले, तर मूळ घटनेनंतर कित्येक दशकांनी दावे उभे राहतील, आणि मुदतीमागील हेतू, म्हणजे केव्हातरी वाद मिटावा, साक्षीदार व कागद शाबूत असतानाच निर्णय व्हावा, हा विफल होईल. शिवाय ज्याला सरकारी वकिलाची भूमिका देऊन तिप्पट भरपाईचे आमिष दाखविले, त्याच्याकडून तत्परतेची अपेक्षा करणे गैर नव्हे. न्यायालयाने १९७९ च्या एका निकालाचाही दाखला दिला. त्यात एका माजी सैनिकाची श्रवणशक्ती औषधामुळे गेली होती. इजा व तिचे कारण कळले त्या दिवसापासून त्याची मुदत सुरू झाली. डॉक्टरांचा हलगर्जीपणा होता हे कळेपर्यंत ती थांबली नाही.

श्रोतेहो, येथे मन अडखळते, हे कबूल केले पाहिजे. सैनिकास आपण बहिरे झालो हे कळत होते आणि औषधाने झालो हेही कळले होते. तो दुसऱ्या डॉक्टरास विचारू शकत होता. परंतु ज्याला डॉक्टरांनीच सांगितले की, तू आजारी आहेस, तुला येथे राहिले पाहिजे, त्याने आपले नुकसान झाले असे कोणत्या दिवशी समजावे? रुग्णालयातून सुटला त्या दिवशी तो कदाचित डॉक्टरांचे आभार मानूनच घरी गेला असेल. फसवणुकीचा गुणच असा की, ती उपकाराचा वेष घेते. मुदतीचा कायदा आळशी वादीस शासन करण्यासाठी आहे. विश्वासू वादीसही तेच शासन झाले, तर त्या कायद्याचा लाभ लबाडासच होतो. हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयास अपरिचित नव्हते. १८७४ मध्ये बेली विरुद्ध ग्लोव्हर या दिवाळखोरीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले होते की, जो स्वतःची फसवणूक दडवून ठेवतो त्याला मुदतीचा आश्रय दिला, तर फसवणूक रोखण्यासाठी केलेला कायदाच तिला सुरक्षित करील.

तरीही दुसरी बाजू पोकळ नाही. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या व्यवहाराबद्दल तिप्पट भरपाईचा दावा एखाद्या निरपराध व्यापाऱ्यावर आला, त्याचे मुनीम मरून गेले, वह्यांना वाळवी लागली, तर त्याने आपले निर्दोषत्व कशाने सिद्ध करावे? विस्मरण लबाडास जसे उपयोगी पडते, तसे ते खोट्या वादीसही उपयोगी पडते. मुदत ही या दोन अन्यायांच्या मधून काढलेली रेघ आहे. रेघ कोठे काढली तरी कोणीतरी तिच्या पलीकडे राहणारच. म्हणूनच सूटर यांनीही एक झरोका उघडा ठेवला : वादीने झटून शोध घेतला आणि तरीही मालिका त्याच्यापासून लपलीच, तर न्यायबुद्धीने मुदत स्थगित मानण्याचा मार्ग त्यास मोकळा राहील.

उरली दोन घड्याळे : नुकसान झाले तो दिवस आणि नुकसान कळले, किंवा कळावयास हवे होते, तो दिवस. २००० च्या निकालाने यांतले कोणते खरे, हे सांगितले नाही. अपील न्यायालये सामान्यतः दुसरे घड्याळ पाहत आली आहेत. परंतु २०१९ मध्ये कर्जवसुली करणाऱ्यांच्या गैरवर्तनाविषयीच्या एका निराळ्या कायद्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने, कायद्याच्या शब्दांत जी तारीख आहे तीच खरी, वादीस केव्हा कळले हे पाहावयाचे नाही, असे ठरविले. रिकोच्या कलमात तर मुदतीचे शब्दच नाहीत. त्यामुळे तो वाद पुन्हा डोके वर काढू शकतो.

आपल्याकडे हा प्रश्न कायदेमंडळाने बऱ्याच अंशी स्वतःच सोडविला आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचे सतरावे कलम सांगते की, दावा फसवणुकीवर आधारलेला असेल, तर वादीस फसवणूक कळेपर्यंत, किंवा वाजवी दक्षता घेतली असता कळू शकली असती तोपर्यंत, मुदत सुरू होत नाही. १९०८ च्या कायद्यातही या तत्त्वास स्थान होते. अमेरिकन काँग्रेसने १९७० मध्ये असे एखादे वाक्य लिहून ठेवले असते, तर कितीतरी दाव्यांतील वादींची वर्षे आणि पैसा वाचला असता. कायदा करणाऱ्याने न लिहिलेल्या एका ओळीची किंमत अखेर न्यायालयाच्या पायरीवर ताटकळणाऱ्या माणसाने चुकती केली.

मात्र आपल्या कलमातील ‘वाजवी दक्षता’ हे शब्द आणि अमेरिकन न्यायमूर्तींनी त्या शेतकरी जोडप्यास विचारलेला प्रश्न एकच आहे : दूध घटले तेव्हा तुम्ही काय केले? बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपल्या शेतकऱ्यास कोणी शिकवावी लागत नाही. व्यवहारात तोटा दिसू लागला, हिशेब जमेनासा झाला, की त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवावे, कागद जपावे, जाणत्यास विचारावे. कोणी फसविले हे कळण्याची वाट पाहू नये. आपले काहीतरी गेले हे कळले, एवढे चौकशीला पुरेसे आहे. कारण ‘दाव्यास कारण केव्हा घडले’ याचे उत्तर न्यायालय पुढे केव्हातरी देईल, पण दिवस त्यापूर्वीच मोजले जात असतात.